आउटपुट कुठून घेतलंय ते आधी बघा

आरसी फिल्टरच्या दोन आकृत्यांत रेझिस्टर तोच, कपॅसिटर तोच, मग एक आकृती लो-पास (खालच्या फ्रिक्वेन्सी पुढे सोडणारी) आणि दुसरी हाय-पास (वरच्या सोडणारी) कशी, हा प्रश्न रास्त आहे. आधी ग्राउंड (सर्किटचा शून्य व्होल्टचा बिंदू) शोधा, मग आउटपुट कोणाच्या टोकांवरून घेतलंय ते बघा. फ्रिक्वेन्सी वाढली की कपॅसिटरचा अडथळा कमी होतो. तो आउटपुट आणि ग्राउंडच्या मध्ये असेल तर वरच्या फ्रिक्वेन्सी ग्राउंडला जातात, म्हणजे लो-पास. सिग्नलच्या वाटेतच असेल तर डीसी (न बदलणारा प्रवाह) अडतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सी पुढे जातात, म्हणजे हाय-पास.

१ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड घेतले तर कटऑफ (जिथे फिल्टर सिग्नल ठळकपणे कमी करू लागतो ती फ्रिक्वेन्सी) साधारण १५९० हर्ट्झ. तिथे सिग्नल एकदम बंद होत नाही बरं का, ७०.७ टक्के उरतोच. आणि लो-पासपुढे १ किलोओहमचाच लोड (आउटपुटवर जोडलेला पुढचा भाग) जोडलात तर कटऑफ दुप्पट, सिग्नल निम्मा. हे आकृतीवर सहसा कुणी लिहीत नाही!