बरोचे ४३ टचडाऊन आणि तरी प्लेऑफ नाही, मग दोष क्वार्टरबॅकचा कसा?

गुहागरकर:
इकडे एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघणारे आम्ही मोजकेच, सोमवारी पहाटे उठून सामना बघायचा आणि मग दिवसभर त्यावरून भांडायचं. मित्राचं म्हणणं, क्वार्टरबॅक (पास टाकणारा, टीमचा हल्ला चालवणारा) किती मोठा ते अंगठ्या, म्हणजे जिंकलेल्या सुपर बोल फायनली मोजून ठरवायचं, बाकी सगळं फुकट. मला हे अजिबात पटत नाही. सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो, त्याचा २०२४ चा सिझन बघा ना, पासांचे ४९१८ यार्ड, ४३ टचडाऊन (बॉल शेवटच्या पट्ट्यात पोचवला की सहा पॉइंट), दोन्हीत लीगमध्ये पहिला, आणि टीम ९ जिंकून ८ हरून घरी, प्लेऑफची बाद फेरी नाहीच. बाल्टिमोरकडून ४१-३८ आणि ३५-३४, पिट्सबर्गकडून ४४-३८, असे हरलेत! ३८ पॉइंट लावून दोनदा हरायचं म्हणजे त्याने अजून करायचं तरी काय? तुम्ही हारजितीत क्वार्टरबॅकचा वाटा कसा धरता?

रत्नागिरीचा_फॅन:
मी आधी लाइन बघतो, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून त्याला वाचवणारे. फेब्रुवारी २०२५ ची सुपर बोल, माहोम्सच्या चीफ्सविरुद्ध ईगल्स ४०-२२, हाफटाइमलाच २४-०. ईगल्सनी एकदापण ब्लिट्झ केलं नाही (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडली नाहीत), चौघंच धावून येत होते आणि तेवढ्यातच माहोम्स सहा वेळा सॅक झाला (पास टाकायच्या आधीच पाडला गेला). म्हणजे उरलेले सात जण मागे निवांत पास अडवायला मोकळे, मग बॉल टाकणार कुणाकडे. तोच माहोम्स, तोच हात, फक्त समोर उभं राहायला वेळ नाही.

देवगड_१२:
लाइन वगैरे ठीक आहे हो, पण शेवटी निकाल क्वार्टरबॅकच लावतो. जानेवारी २०२२, बफेलोविरुद्ध १३ सेकंद उरलेले, माहोम्सने दोन पासात ४४ यार्ड काढले, फील्ड गोल (लाथेने मारलेला, तीन पॉइंटचा), बरोबरी, आणि ओव्हरटाइममध्ये सामना खिशात. आणि ब्रेडीचं काय सांगाल? सहा अंगठ्या पॅट्रियट्सकडे, टीम बदलली तर टॅम्पाला पहिल्याच सिझनमध्ये सातवी. याला टीमचं नशीब म्हणायचं का?

मालवणी_झील:
क्वार्टरबॅकाक येवढो भाव देव नकात. २०१५ चो डेन्व्हरचो क्वार्टरबॅक मॅनिंग आठवा, रेग्युलर सिझनात ९ टचडाऊन आणि १७ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास), तरी सुपर बोलात डेन्व्हरान कॅरोलायनाक २४-१० हरवल्यान. फायनलीचो एमव्हीपी (सगळ्यात भारी खेळाडू) कोण? व्हॉन मिलर, डिफेन्सवालो. रापण ओढताना एका बाजूची माणसा ढिली पडली तर तांडेल कितीव हुशार आसूदे, मासो गावाचो नाय.

गुहागरकर:
@देवगड_१२ ब्रेडी थोरच, त्यात वादच नाही. पण १३ सेकंदवाल्या सामन्यात बफेलोच्या क्वार्टरबॅकने, जॉश ॲलनने चार टचडाऊन टाकलेले आणि ओव्हरटाइममध्ये त्याच्या हातात बॉल आलाच नाही, टॉस चीफ्सनी जिंकला म्हणून. त्यानंतर प्लेऑफचा नियमच बदलावा लागला, आता दोन्ही टीमना बॉल मिळतो. ती हार ॲलनच्या नावावर कशी मांडणार? आणि टॅम्पाची अंगठी म्हणाल तर त्या सुपर बोलचा ३१-९ चा स्कोअर परत बघा, माहोम्सच्या टीमला अख्ख्या सामन्यात एक टचडाऊन करता आला नाही, नुसते तीन फील्ड गोल, त्यांच्या लाइनच्या दोन्ही टोकांचे नेहमीचे टॅकल जखमी होऊन बाहेर. ते नऊवर रोखणं काही ब्रेडीने केलं नाही.