पाच शाळांची एक शाळा झाली, पुस्तकांचे 25,000 रुपये कुठे गेले?

आडवा हिशेब
समूह शाळांवर (कमी पटाच्या शाळा एकत्र करून केलेल्या शाळांवर) बोलताना अंतर, गाडी, शिक्षक सगळं निघतं. वाचनालयाचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून या धाग्यात मांडतो.

20 किंवा त्याहून कमी पटाच्या सरकारी शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तालयाने 2023 मध्ये मागवले. पानशेत (पुणे) आणि तोरणमाळ (नंदुरबार) इथल्या समूह शाळा हे त्याचे नमुने. आता समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेचं ग्रंथालय अनुदान बघा. ते पटावर नाही, शाळेवर मिळतं; एक यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक), एक अनुदान. प्राथमिक शाळेला वर्षाला 5,000, पहिली ते आठवीच्या शाळेला 13,000, मोठ्यात मोठ्या शाळेला 20,000.

पाच वाड्यांच्या शाळा मिळून 25,000. त्या जवळच्या आठवीपर्यंतच्या शाळेत गेल्या की पाच क्रमांक बंद, आणि त्या शाळेचे आधीचे 13,000 तेवढेच राहतात. पोरं शंभरेक वाढली, पैसा 38,000 वरून 13,000 वर. कागदावर ‘कपात’ हा शब्द कुठेही नाही!

आमदारांनी शासन निर्णयात एक ओळ घालून घ्यावी: विलीन झालेल्या शाळांचं ग्रंथालय अनुदान पाच वर्षं समूह शाळेला मिळेल.

कुलूपबंद
हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. 60 रुपयांचं पुस्तक धरलं तर 5,000 मध्ये 83 येतात. पाचही शाळा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकाच पुरवठादाराकडून तोच संच उचलतात. म्हणजे 415 पुस्तकं, पण नावं 83च. एका शाळेला 13,000 मिळाले तर 216 वेगवेगळी पुस्तकं येतील.

आणि ती वाचतं कोण? पुस्तकांच्या पेटीला कुलूप, चावी गुरुजींकडे, गुरुजी केंद्रशाळेच्या बैठकीला. अशा पेटीसाठी आमदारांना कशाला साकडं घालायचं?

गुप्त पान
कुलूप का लागतं तेही सांगा की. पुस्तक दाखल नोंदवहीत चढलं, मुखपृष्ठामागे आणि गुप्त पानावर (शिक्क्यासाठी ठरवून ठेवलेल्या आतल्या पानावर) शिक्का बसला, की ते ज्याच्याकडे कार्यभार त्याच्या नावावर. बदलीच्या वेळी पुस्तकं मोजून द्यायची, कमी भरली तर वसुली. पुस्तक फाटतं, भिजतं, पोरगं घरी नेतं ते परत येत नाही. मग शहाणा माणूस देणंच बंद करतो आणि देवघेव नोंदवही कोरी राहते.

केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत वर्षाला दर हजार देवघेवींमागे पाच पुस्तकं गहाळ होणं रास्त धरलंय, अट अशी की हलगर्जी किंवा अप्रामाणिकपणा नको. जिल्हा परिषद शाळांना हेच स्पष्ट शब्दांत लागू केलं तर निम्मी कुलपं निघतील. त्याला रुपया लागत नाही.

कुलूपबंद
हे पटलं. पण मग मागणी निर्लेखनाची (हरवलेली-फाटलेली पुस्तकं नोंदीतून कमी करण्याची) करा, अनुदानाची कशाला?

साठ-चाळीस
मूळ धाग्यातली ओळ शासन निर्णयात घालून भागणार नाही. 5,000 आणि 13,000 हे निकष दिल्लीचे. राज्याचा वाटा 40 टक्के. यू-डायस क्रमांक बंद झाला की त्या शाळेची मागणी वार्षिक आराखड्यात चढतच नाही, मग मुंबईचा निर्णय काहीही म्हणो. हे निकष योजनेच्या 2021-22 ते 2025-26 या टप्प्याचे. शाळेऐवजी शाळा अधिक पट असा निकष हवा असेल तर तो पुढच्या टप्प्यात, खासदारांकरवी. आमदारांकडे मागायचं ते वेगळं: फरकाची रक्कम राज्याच्या स्वतःच्या लेखाशीर्षातून, म्हणजे राज्याच्या अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यातून.

आणि तारीख मागा, नुसती रक्कम नको. शाळेच्या खात्यात पैसा नसतो, खर्चाची मर्यादा येते, म्हणजे अमुक रकमेपर्यंत खर्च करायची मुभा. फेब्रुवारीत आलेली मर्यादा 31 मार्चला न वापरता राहिली की गेली. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, दरपत्रकं, निवड, बिल, उपयोगिता प्रमाणपत्र, सगळं पाच-सहा आठवड्यांत. त्यात ‘तोच संच’ येणार नाही तर काय येणार?

आडवा हिशेब
मान्य, ओळ बदलतो. फरक राज्याच्या लेखाशीर्षातून, मर्यादा ऑगस्टअखेर. अर्थसंकल्पी अधिवेशनात यावर कपात सूचना देता येते. निधी कमी करण्यासाठी नव्हे, मंत्र्यांकडून उत्तर घेण्यासाठी. आमदारांना द्यायच्या निवेदनाला बंद झालेल्या शाळांचे यू-डायस क्रमांक आणि शेवटच्या वर्षाचं अनुदान जोडा, नाहीतर ते फाइलला लागतं.

शिवाय कुलूपबंद, पाच पेट्या एकत्र येतील तेव्हा नोंदवह्याही पाच असतील. दाखल क्रमांक 1 पाच वेळा!

कुलूपबंद
त्यावर शाळेचा संकेत आधी लावतात: क-1, ख-1. त्यात अडचण नाही. अडचण माणसाची आहे. ग्रंथपालाचं पद माध्यमिक शाळेच्या पटावर ठरतं, पहिली ते आठवीला तेही नाही. 25,000 वाचवून दिलेत तरी चावी गुरुजींकडेच. आधी आठवड्याला चार तासिका ज्याच्या वेळापत्रकात ग्रंथालय म्हणून लिहिल्यात असा शिक्षक मागा, मग निवेदनावर सही करतो.

गुप्त पान
चार नको, दोन मागा. चार लिहिल्या की गणिताला जातात.