मॉस्कोचा मध्य मतदारसंघ: २००३ नंतर थेट २०१६?

प्रश्न – टिपणवही

नमस्कार. रशियाच्या ड्यूमावर (संसदेच्या कनिष्ठ सभागृहावर) एक टिपण लिहिते आहे आणि उदाहरणादाखल मॉस्कोचा मध्य मतदारसंघ घेतला आहे. विजेत्यांची यादी अशी: १९९३ आर्त्योम तारासोव, १९९५, १९९९, २००३ निकोलाय गोंचार, २०१६ पुन्हा गोंचार, २०२१ ओलेग लेओनोव. २००७ आणि २०११ चे रकाने रिकामे राहतात. असं का? आणि गोंचार इतकी वर्षं टिकले ते लोकप्रियतेवर, की त्यामागे आणखी काही होतं? जाणकारांनी कृपया सांगावं.

उत्तर – बर्फातला_वाचक

रकाने रिकामेच ठेवा, कारण त्या दोन निवडणुकांच्या वेळी मतदारसंघ नावाची गोष्टच अस्तित्वात नव्हती. १९९३ पासून ड्यूमाच्या ४५० जागांपैकी २२५ जागा मतदारसंघांतून आणि उरलेल्या २२५ जागा पक्षांच्या याद्यांमधून, मतांच्या प्रमाणात भरल्या जात. सप्टेंबर २००४ मध्ये, बेस्लानच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर काही दिवसांतच, पुतिन यांनी दोन बदल मांडले: राज्यपालांची थेट निवडणूक बंद करायची आणि ड्यूमा सगळीच्या सगळी याद्यांवर निवडायची. त्यामुळे २००७ आणि २०११ मध्ये मतदारापुढे फक्त पक्ष होते, आणि ७ टक्क्यांच्या खाली राहिलेल्या पक्षांना यादीतला नेहमीचा वाटा मिळत नव्हता. स्वतंत्र उमेदवाराला दार बंद झालं. सायबेरियातल्या बर्नाऊल शहरातून सलग निवडून येणारे व्लादिमिर रिझकोव यांच्यासारखी माणसं तेव्हाच ड्यूमाबाहेर गेली. मला हा बदल त्या सगळ्या काळातला सर्वांत घातक वाटतो. २०१४ च्या कायद्याने मतदारसंघ परत आणले.

आता गोंचार. नव्वदच्या दशकात मी मध्य मॉस्कोत एका निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिकेच्या घरी खोली घेऊन शिकत होतो. डिसेंबर १९९९ मध्ये त्यांच्याबरोबर मतदान केंद्रावर गेलो. केंद्र शाळेत होतं, दारातच बुफे मांडलेला, लोक आधी पाव-पेस्ट्री घेऊन मग रांगेत. परदेशी असल्यामुळे मी ओसरीतच थांबलो. बाईंनी गोंचारना मत दिलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "बाकीच्यांची नावं मी पोस्टरवरच वाचली. याला मी सोवियतच्या दिवसांपासून ओळखते." ओळखण्यासारखं होतंच: गोंचार आधी मॉस्कोच्या बाउमान भागातले कम्युनिस्ट पक्षाचे पुढारी, मग मॉस्को सोवियतचे, म्हणजे नगरसभेचे, अध्यक्ष, १९९३ मध्ये वरिष्ठ सभागृहात, आणि १९९५ मध्ये इथून ड्यूमात. यात लोकप्रियता होती, नाही असं नाही. पण २००३ पर्यंत ते पुतिन यांच्या बाजूच्या 'एकसंध रशिया' या सत्ताधारी पक्षाचे झाले, आणि मतदारसंघ रद्द झाल्यावरही पक्षाच्या यादीतून आतच राहिले. तुमच्या यादीत जी तेरा वर्षांची पोकळी दिसते ती मतदारसंघाची आहे, गोंचार यांची नाही.

तारासोव मात्र वेगळ्याच मुशीतले. सोवियत काळातले पहिले कायदेशीर लक्षाधीश म्हणून त्यांचं नाव झालं. १९८९ मध्ये त्यांच्या सहकाऱ्याने कम्युनिस्ट पक्षाची वर्गणी म्हणून ९० हजार रूबल भरले. वर्गणी उत्पन्नाच्या ३ टक्के, म्हणजे उत्पन्न ३० लाख! असा माणूस १९९३ मध्ये राजधानीच्या मध्यातून निवडून येतो, हे त्या वर्षाचं चित्र आहे.

टिपणात एक गोष्ट जरूर घ्या. २००३ पर्यंत मतपत्रिकेवर 'सर्वांविरुद्ध' असा पर्याय असे आणि तो नुसता दिखाऊ नव्हता. त्या वर्षी तीन मतदारसंघांत तोच पहिला आला आणि तिथे पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. २००६ मध्ये तो काढला गेला.

उत्तर – संख्याप्रेमी

२०२१ बद्दलही लिहा ना. कागदी मतांत याब्लोको या उदारमतवादी विरोधी पक्षाचे सर्गेई मित्रोखिन पुढे होते, त्यात ऑनलाइन मतं जमेस धरल्यावर लेओनोव जिंकले. पण ऑनलाइन मतदार वेगळे असू शकतात. दोन आकडे जुळले नाहीत एवढ्यावरून गैरप्रकार सिद्ध होत नाही.

उत्तर – बर्फातला_वाचक

सिद्ध होत नाही, हे मान्य. माझा आक्षेप दुसरा आहे: तपासता येत नाही. कागदी मतपत्रिका निरीक्षकांसमोर पुन्हा मोजता येते. इथे मॉस्कोत जवळपास २० लाख ऑनलाइन मतं होती, मतदान १९ सप्टेंबरला संपलं आणि ऑनलाइन निकाल दुसऱ्या दिवशी आला. मत बदलण्याची सोय दिल्यामुळे मोजणीला वेळ लागतो, असं कारण अधिकाऱ्यांनी दिलं.

मॉस्कोचाच कुंत्सेवो मतदारसंघ शेजारी ठेवून पाहा. तिथे विद्यापीठात गणित शिकवणारे मिखाईल लोबानोव कम्युनिस्ट पक्षातर्फे उभे होते. कागदी मतांत दहा हजारांहून जास्त आघाडी, आणि शेवटी टीव्हीवरचे निवेदक येवगेनी पोपोव विजयी. मॉस्कोच्या सगळ्या १५ जागा महापौरांच्या बाजूच्या उमेदवारांना गेल्या. कम्युनिस्टांचे दावे न्यायालयांनी फेटाळले. २०२३ मध्ये लोबानोव यांना 'परदेशी हस्तक' ठरवलं गेलं आणि त्यांची नोकरीही गेली. हे आठवलं की मला अजून संताप येतो. माणूस दारोदार हिंडून प्रचार करतो, लोक मत द्यायला बाहेर पडतात, आणि निकाल असा लागतो की तो कुणी पडताळू शकत नाही.

टिपणवही

मनापासून आभार. मग २०१६ मध्ये गोंचार पुन्हा कसे आले? विरोधक नव्हते का?

बर्फातला_वाचक

होते की. इतिहासकार आंद्रेई झूबोव पार्नास या उदारमतवादी विरोधी पक्षातर्फे उभे होते, पुतिन यांचे विरोधक, एकेकाळचे तेलसम्राट खोदोर्कोव्स्की यांच्या पाठिंब्यावर मारिया बारोनोवा होत्या, शिवाय कम्युनिस्ट वेगळे. मतदान एकाच फेरीत, ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून आला. विरोधकांची मतं वाटली गेली, आणि शहरभर मतदानाचा टक्का जेमतेम ३५.

तक्त्यासाठी एक सुचवतो, ताई. क्रमांक आणि सीमा वेळोवेळी बदलल्या आहेत; २०१६ चा मतदारसंघ क्रमांक २०८ आहे. तेव्हा १९९३ ते २००३ एक तक्ता, २०१६ आणि २०२१ दुसरा, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर तेव्हाचे नियम लिहा.