वैद्यक संशोधकांचा गौरव: काम चालू असताना, की पूर्ण खात्री पटल्यावर?

परळकर (धागाकर्ता)

३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात एक मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी शरीराबाहेर फलित केलेला गर्भ गोठवून ठेवला होता आणि नंतर आईच्या गर्भाशयात सोडला होता. इंग्लंडमधली पहिली टेस्ट ट्यूब बेबी त्याच्या अवघे ७० दिवस आधीची. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली, अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे, म्हणजे रेडिओलहरींच्या शास्त्रातले. समितीने दावा नाकारला. जपानमधल्या परिषदेला जायची परवानगीही मुखोपाध्यायांना मिळाली नाही. १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्रविज्ञान संस्थेत झाली आणि त्याच जूनमध्ये त्यांनी आत्महत्या केली.

ऑगस्ट १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये मुलगी जन्मली, ती 'भारताची पहिली' ठरली. त्या कामात डॉ. इंदिरा हिंदुजांबरोबर डॉ. टी. सी. आनंद कुमार होते. १९९७ मध्ये याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांच्या नोंदी तपासल्या आणि पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, असं जाहीर लिहिलं. एवढा मोठा मान आपणहून दुसऱ्याच्या हवाली करणारे आनंद कुमार मला फार मोठे वाटतात.

संशोधकाची दखल तो काम करत असतानाच घ्यावी, आणि ती घेणाऱ्यांना विषय कळत असावा, असं माझं ठाम मत आहे.

अनघा_पॅथ

समिती चुकीची होती, मान्य. पण त्यावरून 'गौरव लवकर करा' कसं निघतं? वैद्यकात घाईने डोक्यावर घेतलेला दावा फसला तर किंमत रुग्ण मोजतो. मुखोपाध्यायांचं सविस्तर काम तेव्हा नावाजलेल्या नियतकालिकात आलेलं नव्हतं, आणि मुलीच्या आईवडिलांना प्रसिद्धी नको होती. बाहेरच्या माणसाने विश्वास कशावर ठेवायचा? शंका घेणं हे परीक्षकाचं कामच आहे.

परळकर

शंका जरूर घ्यावी. पण शंका असेल तर प्रयोग पुन्हा करून दाखवायला साधनं द्यायची, की माणसाला डोळ्यांच्या संस्थेत धाडायचं?

आणि छापून आलं की दखल घेतली जाते, हेही खरं नाही. कोलकात्याचेच डॉ. शंभुनाथ डे. कॉलऱ्याचे जंतू गाळून काढले तरी उरलेल्या द्रवाने सशाच्या आतड्यात पाणी साचतं, म्हणजे अतिसार जंतूंनी सोडलेल्या विषामुळे होतो, हे त्यांनी दाखवलं. १९५९ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं. १९७८ च्या नोबेल परिसंवादाचं आमंत्रण आलं. आपल्याकडे मात्र १९८५ मध्ये ते गेले तोवर एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो (मानाचा सदस्य) केलं नव्हतं. इथे कुठला पुरावा कमी पडला?

रानवाटा

दोघांनाही माझा विरोध. पुरस्कारावर एवढा जीव का टाकायचा? आपले डॉ. हिंमतराव बावस्कर घ्या. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचू चावलेली माणसं फुप्फुसात पाणी होऊन जात होती. प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरली की ती वाचतात, हे त्यांनी महाडमध्ये राहून सिद्ध केलं. पहिला लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९८२ ला, पद्मश्री २०२२ ला. मधली ४० वर्षं काम अडलं का? कोकणात आज डॉक्टर ती गोळी देतो तेव्हा पदक आठवून देत नाही.

अनघा_पॅथ

इथे मी परळकरांच्या बाजूने. बावस्करांचं काम अडलं नाही, कारण रुग्ण दारात येत होते आणि गोळी स्वस्त होती. गर्भ गोठवायला प्रयोगशाळा लागते, परवानगी लागते, वरिष्ठांची मर्जी लागते. तिथे मान्यता म्हणजे पुढच्या वर्षीचं काम. शिवाय एका जिद्दी माणसाच्या बळावर धोरण आखता येत नाही. आरोग्य केंद्रात नोंदी ठेवून लिहू पाहणारे किती डॉक्टर कंटाळून थांबले असतील, याचा हिशेब कुणाकडे आहे?

तरी मोठा सन्मान उशिराच द्यावा, या मतावर मी कायम आहे. लवकर द्यायचा तो निधी.

रानवाटा

निधीला माझी हरकत नाही. पण तोही बड्या संस्थांनाच मिळतो, विंचवाच्या गावाला नाही.

परळकर

म्हणूनच निधी देणाऱ्या समितीवर तालुक्याच्या रुग्णालयात काम केलेला निदान एक डॉक्टर हवा. आणि पद्म पुरस्कारासाठी कुणीही नागरिक नाव सुचवू शकतो. तुमच्या भागात असं काम आत्ता कोण करतंय, ते इथे लिहा. शिफारशीचा मसुदा मी करतो, अनघाताई, त्यातला पुरावा तुम्ही तपासा.

अनघा_पॅथ

तपासते. पण कच्चं वाटलं तर नाव मागे ठेवा म्हणेन, आणि तेव्हा भांडायचं नाही.