जठर नसलेल्या माशांचा आहार कसा तपासायचा? मदत हवी आहे

मंडळी, गोड्या पाण्यातल्या माशांच्या आहारावर प्रबंधाचं काम चालू आहे आणि एका जागी घोडं अडलंय.

मासे कार्पच्या कुळातले. यांना जठरच नसतं, अन्ननलिका थेट आतड्यात उघडते. त्यात घशातले दात सगळं आधीच भरडून टाकतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो हिरवट-तपकिरी लगदा, मधेच डायटमचं (एक सूक्ष्म शैवाल) काचेसारखं शाबूत कवच, कुठे अळीचं नुसतं डोकं. कडक ते ओळखू येतं, मऊ अंगाचे जीव हिशेबातून गळतात. आतड्याचा पहिला भागच घेतोय, तिथे पचन कमी झालेलं असतं. पण प्रमाण संख्येवर काढावं की आकारमानावर?

खरी अडचण पुढेच आहे. यातली एक जात संकटग्रस्त आहे. मार्गदर्शक म्हणतात चार-पाच मारले तर काय बिघडतं. मला ते पटत नाही. म्हणून पराचा छोटा तुकडा कापून मासा परत सोडायचा आणि तुकड्यातले नायट्रोजन आणि कार्बनचे स्थिर समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे, किरणोत्सर्गी नसलेले अणू) मोजायचे, असा विचार आहे. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की जड समस्थानिक नायट्रोजन-१५ साधारण ३.४ प्रति हजारने वाढतो असं धरतात. मात्र पर आणि स्नायू यांचे आकडे जुळतीलच असं नाही. मुबलक असलेल्या जवळच्या जातीत दोन्ही मोजून ती दुरुस्ती इथे लावली तर चालेल का? परीक्षक हरकत घेतील का?

आणि हो, नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिनने कार्बनचे आकडे बदलतात, म्हणून तुकडे गोठवायचे की नुसते वाळवले तरी पुरे? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.