मदत हवी आहे: मॅक्स विमानाबद्दल बाबांच्या मनातली धास्ती कशी घालवू?

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बहिणीच्या बाळाचं बारसं आहे, मुंबईहून बंगळुरूला जायचंय. विमान बोइंग ७३७ मॅक्स आहे हे कळल्यावर बाबांनी तिकिटाच्या कागदावर पेन्सिलीने दोन आकडे लिहिले: १८९ आणि १५७. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात मॅक्सच्या अपघातांत गेलेले जीव. "मी उद्यान एक्स्प्रेसने येतो," म्हणतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हो त्यांचं!

मी त्यांना समजावलं की नाक खाली दाबणारी एमकॅस यंत्रणा तेव्हा एकाच सेन्सरवर विसंबून होती. सेन्सर चुकला की ती पुन्हा पुन्हा नाक दाबायची. आता दोन्ही सेन्सर ताडून पाहिले जातात, वैमानिकांना सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. अपघातांनंतर मॅक्सवर आलेली बंदी अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये उठली, आपल्याकडे ऑगस्ट २०२१ मध्ये. एफएए म्हणजे विमानांना मंजुरी देणारी अमेरिकेची सरकारी संस्था; तिचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह डिक्सन यांनी तर त्याआधी स्वतः ते उडवून पाहिलं.

बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी शांतपणे विचारलं, "पहिल्यांदा मंजुरी दिली तीही याच लोकांनी ना?" मी गप्प झाले. प्रश्न रास्तच आहे.

इथे कुणी मॅक्सवर काम करणारे वैमानिक किंवा मेंटेनन्स इंजिनिअर आहेत का? आकडेवारी नको. उड्डाणाआधी तुम्ही स्वतः काय तपासता, कधी विमान थांबवलंय का, ते लिहाल? तुमचं उत्तर मी बाबांना वाचून दाखवीन.