शब्दचर्चा : मेंदूला ‘उत्तेजन’ की आणखी काही?

पूर्वभागकर : मी सोलापूरचा. मामांना स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू आहेत, पण कानातले आवाज पुरते गेलेले नाहीत. डॉक्टरांनी आरटीएमएस (डोक्याबाहेरून मेंदूला चुंबकीय ठोके देण्याचा उपचार) सुचवलं. मामींचा पहिला प्रश्न, “म्हणजे शॉकच की?” एका पत्रकात ‘अनाक्रमक मेंदू उत्तेजन’ छापलंय. ते वाचून त्या म्हणाल्या, “आधीच डोकं तापलंय, वर उत्तेजन कशाला?” मला उत्तर सुचेना. घरात काय म्हणावं?

जुना शिक्षक : मामींची शंका रास्त आहे. उत्तेजन म्हटलं की ‘उत्तेजनार्थ बक्षीस’ आठवतं, म्हणजे चेव आणणं. इथं काम बरोबर उलटं आहे. आवाजांच्या भासासाठी कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, डाव्या कानाच्या वर, जरा मागे धरतात आणि सेकंदाला साधारण १ असे संथ चुंबकीय ठोके देतात. तिथली जास्तीची खळबळ उतरावी, हा हेतू. वेग १० वर नेला की मात्र मेंदूचा तो भाग चेतवला जातो. दोन्हींना चालेल असा शब्द हवा. मी ‘चुंबकीय स्पंद-उपचार’ म्हणेन.

परिचारिका : ‘अनाक्रमक’ तर नकोच, आक्रमक म्हणजे फलंदाज. आपल्याकडे ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’ सगळ्यांना कळतं, तसं ‘बिनछेदाचा उपचार’ म्हणा. आणि मामींना नीट सांगा, हा शॉक नव्हे. शॉकमध्ये (सुरुवात १९३८, रोम) मुद्दाम फिट आणतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय देता येत नाही. इथं माणूस खुर्चीत जागा असतो, भूल नाही. क्वचित फिट येऊ शकते, म्हणून पूर्वी फिट आली असेल किंवा डोक्यात धातू असेल तर आधी सांगायचं. गुण सगळ्यांना येतोच असं नाही. गोळ्या मनानं बंद करू नका, हे मी हात जोडून सांगते.

पूर्वभागकर : दोघांचेही आभार. काल मामींना ठोक्यांचं सांगितलं. त्यांची उमर मागावर गेली. म्हणाल्या, “माग बंद केला तरी रात्री धोट्याची खटखट कानात राहायची. यांचं तसंच असेल का रे?” मग थोडं थांबून, “ही टकटक ती खटखट निववणार?” मी म्हटलं, “तसा प्रयत्न आहे, मामी.” आता आमच्या घरात ‘निववायचं मशीन’ हेच नाव पडलंय. सोमवारी पहिली बैठक.